पाखराईची पाठवणी

चष्मा नाकावर चढवून रंगराव भोकऱ्यांनी आधी स्वतःचा तळहात न्याहाळला, मग माझं तोंड न्याहाळलं आणि म्हणाले, "अण्णा, तुमी एवढं थकलायसा व्हय? मला वाटत हुतं, अजून पोरगेलं हायसा."

मिरजेत तेव्हा माझं चष्म्याचं दुकान होतं. मी बेचाळीस वर्षांचा होतो, डोक्यावर केस बेताचेच उरले होते, आणि नवा चष्मा लागलेलं गिऱ्हाईक आपल्याबद्दल जे पहिलं वाक्य बोलतं ते सहसा खरं असतं, हे धंद्यात शिकून चुकलो होतो. म्हणून हसलो. भोकऱ्यांना सगळे आबा म्हणत. सत्तरीचे, कृष्णाकाठच्या नांदरवाडीचे. उभा जन्म अंदाजानं पाहण्यात गेला होता आणि त्यात काही कमी आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. धाकट्या सुनेनं हट्ट धरला, दवाखान्यात डोळे तपासून घेतले, आणि चिठ्ठी घेऊन ते माझ्याकडे आले.

आठ दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. काडी सैल झाली असेल म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. दुकानातली दोन माणसं जाईपर्यंत स्टुलावर गप बसून राहिले, आणि मग खालच्या आवाजात बोलले.

"चष्मा झ्याक हाय. पर त्येनं एक घोळ केलाय. आमच्या देवीच्या कडंला अक्षरं निघाली."

हळूहळू सगळं कळलं ते असं. त्यांच्या देव्हाऱ्यात बाकीच्या देवांच्या टाकांबरोबर पाखराई नावाच्या देवीचा चांदीचा टाक होता. पूजा रोज त्यांची बायको, आनसाबाई, करत. सोमवारी त्यांना ताप होता म्हणून आबांनी चष्मा लावून देव धुवायला घेतले, आणि पाखराई बोटांत फिरवताना तिच्या कडेवर इंग्रजी अक्षरं दिसली. आबांना इंग्रजी येत नव्हतं. शाळेतल्या मास्तरांना दाखवावं तर गावभर चर्चा. तुमच्या चष्म्यानं दाखवलं, तेव्हा तुम्हीच वाचून द्या, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

देवी दिसते कशी, असं मी सहज विचारलं.

"बसलीया. पाठीला पंख हायती, म्हणून तर पाखराई. हातात हार हाय, आन् बाजूला ताडाचं झाड."

माझ्या हातातली काच मी खाली ठेवली. एरवी मी माणूस तसा शांत, पण त्या क्षणी कानशिलं गरम झाल्याचं आठवतं.

त्याचं कारण माझा छंद. इंग्रजांनी हिंदुस्थानात आणि आसपास ज्या लढाया जिंकल्या, त्यांची पदकं मी जमवत होतो. श्रीरंगपट्टणचं होतं, गझनीचं होतं, पंजाबचं होतं. दुकानामागच्या खोलीत मखमल लावलेले चार खण होते. माझी बायको त्यांना 'आपण कुठं कुठं हरलो त्याची पेटी' म्हणे. इतरही लोक विचारत, जिंकणाऱ्यांचे बिल्ले हरणाऱ्यांच्या पोरानं कशाला जमवायचे? त्यावर माझं उत्तर तयार असे. मी म्हणायचो, पदकाची एक बाजू राणीची, दुसरी विजयाची, पण कड असते शिपायाची. कडेवर त्याचं नाव ठोकलेलं असतं. ज्यांची आठवण कुणी ठेवली नाही अशांची नावं मी जमवतो. हे वाक्य मला स्वतःला फार आवडायचं. रोटरीच्या सभेत एकदा टाळ्याही मिळाल्या होत्या.

आबांनी सांगितलेली पंखवाली बाई म्हणजे विजयाची मूर्ती. जुन्या लढायांबद्दल, त्यात मराठ्यांशी झालेल्याही आल्या, फार उशिरा, १८५१ साली दिलेल्या पदकावर ती होती. तोवर जे जिवंत होते त्यांनाच ते मिळालं. त्यातही देशी शिपायाच्या नावाचं पदक म्हणजे दुर्मीळ वस्तू. पंधरा वर्षं मी ते शोधत होतो, आणि ते नांदरवाडीत रोज हळदकुंकू लावून घेत होतं.

रविवारी येतो म्हणालो. उठता उठता आबा परत बसले.

"एक सांगायचं ऱ्हायलं. आमचा हेळवी येतो बघा वंशावळ वाचाया. माझ्यापसनं वर पाच नावं वाचतो आन् म्हंतो, ह्यांचा बाप पलटणीत हुता, त्येचं नाव वहीत न्हाई. भाऊकी तिथं हसती. मूळ पुरुषालाच नाव न्हाई म्हंजे काय समजायचं, असं तोंडावर बोलत्यात. पाखराई त्येनंच आणली. सर्वपित्रीला समद्यांचं नाव घेऊन पान टाकतो, आन् त्येला नुसतं पलटणवालं म्हंतो. ती अक्षरं म्हंजे त्येचं नाव असलं, तर औंदा नाव घीन म्हंतो. माझं बी आता किती दिवस ऱ्हायल्यात?"

रविवारी मी भिंग खिशात टाकून लूनावरून नांदरवाडीला गेलो. आनसाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. ताप उतरला होता, पण चेहरा उतरलेला होता. अण्णा, जैन असलासा तरी देवाला हात लावताना आंगुळ केलीया न्हवं, एवढं त्यांनी विचारून घेतलं. मग पाटावर तांदूळ पसरून त्यांनी पाखराई आणून ठेवली.

रुपयाहून थोडी मोठी. वरची कडी आणि लढायांच्या नावाच्या पट्ट्या कधीतरी सोनारानं कापून टाकलेल्या. मागं टाकांना असतो तसा तांब्याचा पत्रा डाक देऊन बसवलेला, म्हणजे राणी त्याच्याखाली कायमची कोंडलेली. सव्वाशे वर्षं चिंचेनं आणि राखेनं घासून देवीचे नाकडोळे गेले होते, पण पंख होते, हार होता. मी कड उजेडाकडे धरली आणि भिंग लावलं.

नाव होतं. पहिली दोन अक्षरं झिजलेली, पण ठोक्याची खूण शिल्लक होती. आडनाव तर स्वच्छ होतं. पुढे हुद्दा, पुढे पलटणीचा आकडा. मी ते एकदा वाचलं, मग उलट फिरवून पुन्हा वाचलं. शंकेला जागा नव्हती.

समोर दोघं बसली होती. आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे.

आता मी जे केलं ते सांगतो. ह्या गोष्टीला अडतीस वर्षं झाली आणि ती मी आजवर बायकोलाही सांगितली नाही. माझ्या डोक्यात तेव्हा इतकंच आलं की नाव सांगितलं तर हे घर ही वस्तू जन्मात सोडणार नाही. मूळ पुरुषाचं नाव असलेली चांदी कोण देईल? आणि नाव नसलं, वर देवीही देवी नसली, तर मग तिला ठेवतील कशाला?

"आबा, अक्षरं झिजलीत. काही लागत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. अर्ध्या मिनिटानं पुन्हा हलवली. मला तिथेच थांबता आलं असतं. पण मी पुढे गेलो, आणि पुढचं मी जे बोललो ते सगळं खरं होतं, ह्याचंच मला जास्त वाईट वाटतं. ही आपली देवी नव्हे, मी सांगितलं. इंग्रजांच्या विजयाची ही बाई. आपल्या लोकांना हरवल्याबद्दल त्यांनी आपल्या शिपायांना वाटलेला हा बिल्ला आहे. तुमचे पलटणवाले कंपनीच्या बाजूनं लढले. ज्यांना मारलं ते इकडचेच होते. मी अगदी सावकाश, समजूतदार आवाजात, एखाद्याला मोतीबिंदू झालाय असं सांगावं तसं सांगितलं.

आनसाबाईंनी टाकाला चिकटलेले तांदूळ बोटानं झाडले.

"मी लगीन होऊन आले तवापसनं न्हाऊ घालतीया हिला," त्या म्हणाल्या. "चार पोरं झाली माझी हिच्या म्होरं हात जोडून. आन् ती आपली न्हवं म्हंतासा?"

आबांनी विचारलं, मग आता काय करायचं असतं? ह्याच प्रश्नाची मी वाट पाहत होतो. मी म्हणालो, मिरजेत माझ्या ओळखीचा सोनार आहे, त्याच्याकडून तुमच्या भवानीचा नवा टाक घडवून आणतो, जड चांदीचा. घटस्थापनेला तो बसवा. हा मला द्या, मी पेटीत जपून ठेवीन. आबा म्हणाले, भाऊकीतल्या वडीलधाऱ्यांना विचारून कळवतो. निघताना आनसाबाईंनी माझ्या हातावर गूळशेंगा ठेवल्या. त्या मी लूनावर बसून खाल्ल्या आणि वाटभर पदक कुठल्या खणात ठेवायचं ह्याचा विचार केला.

पंधरा दिवसांनी निरोप आला, सर्वपित्रीला सकाळी नवा टाक घेऊन या. मी खूश. लाल कागदात गुंडाळलेली भवानी घेतली आणि मखमलीची रिकामी डबीही घेतली.

भोकऱ्यांच्या अंगणात पोचलो तर भाऊकीतली सातआठ माणसं धुतलेले कपडे घालून उभी. आनसाबाईंनी लग्नातलं जुनं हिरवं लुगडं नेसलं होतं. हातात तबक, तबकात पाखराई, तिला हळदकुंकू, खणनारळाची ओटी, आणि एका पुरचुंडीत दहीभात. लेक सासरी निघते तेव्हा देतात तसं सगळं. मला वाटलं, मला द्यायच्या आधीचा हा मान असेल. मी डबी बाहेर काढली.

"डबी कशाला?" आबांनी विचारलं. "तिला नदीला सोडायची हाय."

आमच्या घरात टाक नसतात. पूजेतून काढलेला टाक कुणाला देत नाहीत, तो वाहत्या पाण्यात सोडतात, हे त्या अंगणातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. पदकाच्या कडेवरच्या अक्षराच्या वळणावरून टाकसाळ ओळखणाऱ्या मला ते ठाऊक नव्हतं. मी चाचरत म्हणालो, आबा, फुकट जाईल, जुनी वस्तू आहे. उत्तर आनसाबाईंनी दिलं.

"आमची असू नायतर नसू, ह्या घरात ती पोटच्या पोरीसारखी ऱ्हायली. परक्याच्या पेटीत कोंडाया देऊ व्हय तिला? जायाची तर मानानं जाऊ द्या."

आम्ही निघालो. घरापासून नदी दोनशे पावलं असेल. पुढे आनसाबाई, मागे आबा, मग मी. त्या दोनशे पावलांत मला सगळं स्वच्छ दिसत होतं. एक शब्द बोललो की मिरवणूक मागे फिरणार होती. पाखराई वाचणार होती आणि आबांना त्यांचा माणूस मिळणार होता, तोही नेमका ज्या दिवशी हवा त्या दिवशी. आणि मी खोटारडा ठरणार होतो, भर भाऊकीत. पदक माझं होणार नव्हतं ते नव्हतंच. म्हणजे गप्प बसून मला मिळणार काहीच नव्हतं, फक्त तोंड वाचणार होतं. तेवढ्यासाठी मी गप्प होतो. माणूस किती थोडक्यासाठी गप्प बसतो ते मला त्या वाटेवर कळलं.

भाद्रपदातली कृष्णा, गढूळ आणि भरलेली. काठावर चारदोन घरची माणसं पितरांना पाणी देत होती. आनसाबाई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात गेल्या. त्यांनी पाखराईला पाण्यात धरून एकदा न्हाऊ घातलं, रोजच्यासारखं, अंगठ्यानं पंखांवरून घासून. दहीभात सोडला. काहीतरी पुटपुटल्या, ते मला ऐकू आलं नाही.

"आक्का, थांबा," मी म्हणालो.

त्यांनी वळून पाहिलं तेव्हा हात रिकामे होते. दोन श्वासांचा उशीर झाला असेल. मी मुद्दाम तेवढा थांबलो का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग मात्र राहवलं नाही. काठावर उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर म्हणालो, "आबा, कडेवर नाव होतं. हैबती. हैबती भोकरे, नाईक."

आबांनी ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कवा वाचलंसा?"

"त्याच दिवशी."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी धोतर खोचलं आणि ते सरळ पाण्यात गेले. आनसाबाई उभ्या होत्या तिथे वाकले आणि दोन्ही हातांनी तळ चाचपू लागले. मीही पँटबुटांसकट उतरलो. भाऊकीतले दोघं उतरले. पायाखाली गाळ होता, हाताला दगड लागत होते, शिंपले लागत होते, कुणाच्या तरी जुन्या बांगडीचा तुकडा लागला. ओढ बरीच होती. तासभर तरी आम्ही शोधत असू. मी पाण्याखाली तोंड घातलं, डोळे उघडले, तर लाल अंधाराशिवाय काही नव्हतं. मी रडत होतो आणि पाण्यामुळे ते कुणाला कळत नव्हतं, ह्याचंही मला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

शेवटी आबा ताठ झाले. कमरेइतक्या पाण्यात, धापा टाकत.

"फुडं ग्येली," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "परत सांगा."

मी नाव सांगितलं. त्यांनी दक्षिणेकडे तोंड केलं, ओंजळ भरली आणि पाणी सोडताना म्हणाले, "हैबती." दुसरी ओंजळ भरली. "हैबती भोकरे." तिसऱ्या वेळी त्यांना नाव पुरं करता आलं नाही, नुसतं पाणी सोडलं.

काठावरून आनसाबाईंनी विचारलं, "अण्णा, त्येच्या बायकूचं नाव हुतं का वो त्यात?"

"नाही आक्का. बायकांची नावं लिहीत नसत."

त्यांनी मान हलवली आणि रिकामं तबक छातीशी धरून त्या उभ्या राहिल्या.

मी काठाकडे वळलो. मला तिथून निघून जायचं होतं. आबांनी हाक मारली.

"अण्णा, असं या. तुमी बी वंजळ सोडा."

"आबा, आमच्यात हे करत नाहीत."

"आमच्यात बी नाव दडवत न्हाईत," ते म्हणाले.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मी कदाचित निघून गेलो असतो. मी परत आत गेलो, त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि ते उभे होते तसं तोंड दक्षिणेकडे केलं. ओंजळ भरली. नाव घेतलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं," आबा म्हणाले.

मी मोठ्यानं म्हणालो. तीन ओंजळी होईपर्यंत ते माझ्या शेजारून हलले नाहीत.